चेंडूच्या मागं

“चेंडूच्या मागं राहायचं. चेंडू हलल्याबिगर पाऊल उचलायचं न्हाई. एवढं एक पाळलं, तर पेनल्टीला कुणाचा बाप तुम्हाला ऑफसाइड देऊ शकत न्हाई.”

सर्जामामा हे सांगत होते तेव्हा आमच्यापुढे मैदान नव्हतं, तालमीबाहेरचा दगडी कट्टा होता. शनिवार होता. मारुतीला दाखवलेले फुटाणे आणि गुळाचा खडा मी पानावर घेऊन आले होते. मामांनी त्यातलेच फुटाणे उचलून कट्ट्यावर मांडले. माझी तेलाची वाटी म्हणजे गोल. तिच्या तोंडाशी एक टपोरा फुटाणा म्हणजे गोलकीपर. गुळाचा खडा म्हणजे चेंडू.

“ही वैजू,” माझ्याकडे बघत, गुळाला चिकटून त्यांनी एक फुटाणा ठेवला आणि वाटीपुढे बोटानं डीची चौकट ओढली. “बाकी सगळ्या पोरी, आपल्या आणि त्यांच्या, डीच्या बाहेर. चेंडूच्या मागं. ह्यात ही शालन. आता समद्यांस्नी वाटतंय वैजू गोलात मारणार. वैजू मारणारच न्हाई. नुसता पुढं सरकवणार. सून सासऱ्यापुढं चहाची बशी सरकवती तसा. आणि शालन मागनं वाऱ्यागत येऊन ठोकणार.”

“पण मामा, ती पुढं आली की तिच्यासमोर एकटी कीपरच राहणार,” मी म्हटलं. “मग ऑफसाइड नाही होणार?”

“ऑफसाइड कवा बघत्यात? शालन, तू सांग.”

“चेंडूला पाय लागतोय त्या टायमाला.”

“त्या टायमाला तू कुठं हाईस?”

“चेंडूच्या मागं.”

“मग? चेंडूच्या मागचं माणूस ऑफसाइड हुतंय?”

“जन्मात न्हाई!” शालन म्हणाली, आणि वाटीच्या तोंडाशी ठेवलेला टपोरा फुटाणा उचलून तिनं तोंडात टाकला.

“आगं ए भवाने! कीपर खाल्लास व्हय!”

“आता तर सोप्पंच झालं की मामा. मोकळा गोल.”

मामा हसले. मग बोट उगारून माझ्याकडे वळले. “आणखी एक. एकदा चेंडू ढकललास की तुझ्यापुरता तो सोवळ्यातला. दुसऱ्या कुणाचा पाय लागंस्तवर तू शिवायचं न्हाई. पायाशी पडून राहिला तरी न्हाई. शिवलीस की फ्री किक त्यांची.”

“हिला सोवळं काय शिकवताय मामा,” शालन म्हणाली. “निम्मा जन्म सोवळ्यातच आहे हिचा.”

ते खोटं नव्हतं. वडील गेले त्या वर्षापासून माझा नेम होता. दिवेलागणीला तालमीच्या बाहेरच्या देवळीत मारुतीपुढे दिवा लावायचा. आत बायकांनी पाऊल ठेवायचं नाही, पण देवळी रस्त्याकडच्या भिंतीत होती. सोमवार, गुरुवारचे उपास. सकाळी पोथीचा एक अध्याय, मग चहा. पोरी मला ‘काकी’ म्हणायच्या, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माझा आवाज मुळातच लहान. मैदानावर मी “इकडे दे” म्हटलं तर माझ्या शेजारच्या पोरीलाही ऐकू जायचं नाही. मग शालन माळी ओरडायची, “काकी मागतीया, दिसत न्हाई व्हय गं!” कप्तान मी होते आणि माझा आवाज शालन होती.

कोल्हापुरात पेठ म्हटली की तालीम आली, आणि तालीम म्हटली की फुटबॉल आला. आखाड्यातली माती कमी झाली, भिंतीवर चषक वाढले. सर्जामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, एके काळी तालमीचे मधल्या फळीतले नामी खेळाडू. पुढे गुडघा गेला आणि खेळ सुटला. तालमीच्या टीमचं कोच व्हायचं, एवढं एकच त्यांच्या मनात राहिलं होतं. ते काही तालमीचे प्रमुख हिंदुराव वस्ताद देईनात. वडिलांच्या माघारी आमच्या घराला आधार म्हणून मामा शेजारच्या खोलीत येऊन राहिले, आणि आम्ही अंगणात चेंडू लाथाडतो हे बघून एक दिवस म्हणाले, “असं न्हाई गं. पायाच्या आतल्या बाजूनं.” तिथून सुरुवात झाली. पेठेतल्या, मळ्यातल्या, बागवान गल्लीतल्या पोरी त्यांनी गोळा केल्या. लोक हसायचे. “सर्जेरावनं भातुकली मांडलीया,” म्हणायचे. मामा ऐकून घ्यायचे.

जर्सी नव्हत्या. तालमीच्या पोरांच्या जुन्या, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी कपाटात पडून होत्या. त्या मागायला मी आणि मामा गेलो तेव्हा हिंदुराव वस्ताद उंबऱ्याच्या आत पाटावर बसले होते आणि मी बाहेर, देवळीखाली उभी होते.

“जर्सी नेतासा ते न्या,” वस्ताद म्हणाले. “पण आयका. जिल्ह्याचा कप आणला, तर तालमीच्या नावानं पोरींची टीम उतरवतो आणि संध्याकाळचं मैदान निम्मं तुमचं. न्हाई आणला, तर जर्सी परत, आणि पुन्हा पेठेत पोरीच्या पायात चेंडू दिसता कामा नये. आमची पोरं जागा मागाय लागल्यात. मैदान काय रबराचं न्हाई.”

मामांनी टोपी सारखी केली. मीच म्हटलं, “हरलो तर मी स्वतः धुऊन, घड्या घालून आणून देईन.”

“आँ? काय म्हणती?” त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

मामांनी मोठ्यानं सांगितलं. वस्ताद जरा पुढे वाकून माझ्याकडे बघत राहिले. “रोज दिवा लावती ती तूच न्हवं? मग त्येच्याच समोर शबूद दे.”

मी देवळीला हात लावला. दिला.

तो कप आम्हाला केवढा हवा होता, हे आता सांगून कळणार नाही. मेहरुन बागवान, आमची कीपर, घरी शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सांगून यायची. तिच्या पिशवीत कात्री, टेप आणि हातमोजे. कप आला असता तर तिला खरं सांगता आलं असतं. शालनला पोलीस भरतीत खेळाडू म्हणून उभं राहायचं होतं, त्याला तालमीचं नाव लागणार होतं. आणि मला? मला संध्याकाळची ती वेळ हवी होती. दिवा लावायचा आणि मग शूज घालायचे, एवढंच.

आषाढात सामने झाले. दोन जिंकून आम्ही फायनलला गेलो, समोर गडहिंग्लजच्या पोरी. त्यांची कीपर ताडमाड उंच होती. आधीच्या सामन्यात तिनं दोन पेनल्ट्या अशा धरल्या होत्या, जशी कुणी गाडीवरून फेकलेली पेंडी झेलावी. म्हणून तर मामांनी ती फुटाण्यांची विद्या काढली. गल्लीच्या मागच्या पडीक जागेत आम्ही ती इतकी घोटली, की मी चेंडू सरकवला की शालनच्या पावलांचा थपथप आवाज मला न बघता मोजता यायचा. खूण ठरली होती. मामा मैदानाबाहेरून डोक्यावरची टोपी काढतील. टोपी काढली की सरकवायचा. टोपी डोक्यावर असेल तर सरळ गोलात मारायचा.

फायनलच्या आदल्या दिवशी मी दिवा लावायला गेले तेव्हा आत मामा आणि वस्ताद बोलत होते. मी वात पुढे ओढत होते तोवर मामा बाहेर आले. मला बघून थबकले.

“वैजू,” ते म्हणाले, “उद्या काय झालं तरी मी सांगीन तसंच करायचं. टोपी निघाली की निघाली. आपलं डोकं चालवायचं न्हाई.”

“मामा, मी कधी चालवलंय?”

“न्हाई,” ते म्हणाले. “तू न्हाई चालवत.” आणि दिव्याला नमस्कार न करताच गेले. त्यांच्याकडून तो राहिला, हे मला तेव्हाच दिसलं होतं. घाईत असतील, म्हटलं.

गुरुवारी सामना झाला. माझा उपास होता. मैदानावर चिखल एवढा, की पाय उचलला की शूज खालीच राहील असं वाटावं. पहिल्या अर्ध्यात त्यांनी एक केला, आम्ही एक. आमचा शालननंच केला होता, डोक्यानं. तिच्या कपाळावर चिखलाचा गोल टिळा उमटला होता आणि तो तिनं पुसू दिला नाही. “राहू दे,” म्हणाली, “काकीच्या देवाचा आहे.”

मधल्या सुटीत मामा लिंबाच्या फोडी वाटत होते. शालनला ते जरा बाजूला, पाण्याच्या टाकीकडे घेऊन गेले. बराच वेळ तेच बोलत होते, ती खाली बघत होती. परत आली तेव्हा मी विचारलं, “काय म्हणाले?”

“काय न्हाई. पोझिशन.”

तिनं टिळा पुसला होता.

दुसऱ्या अर्ध्यात माझा आवाज हरवला. मी चेंडू मागत होते आणि शालन ओरडतच नव्हती. एकदा ती गोलसमोर मोकळी असताना तिनं चेंडू बाहेर घालवला. चिखल आहे, मी मनात म्हटलं. घसरला पाय.

आणि मग शेवटाकडे, त्यांच्या डीत त्यांच्याच पोरीचा हात चेंडूला लागला. रेफरीनं शिट्टी फुंकून ठिपक्याकडे बोट केलं. पॅव्हेलियनच्या बाजूला कुणीतरी छत्री उडवली. मेहरुन आमच्या गोलमधून दोन्ही हात वर करून नाचत होती.

मी चेंडू ठिपक्यावर ठेवला. चिखल हातानं सारखा केला, जशी रांगोळीआधी जमीन करतात. मारुतीचं नाव घेतलं. उंच पोरगी गोलरेषेवर दोन्ही हात पसरून उभी होती, पण मला त्या दिवशी तिची भीती वाटत नव्हती. त्या पहिल्या अर्ध्यात ती दोनदा डावीकडे उशिरा पडलेली मी बघितली होती. सरळ डावीकडे, खालून मारावा असं माझ्या पायात आलं होतं. खरंच आलं होतं.

मी बाहेर बघितलं.

मामांनी टोपी काढली.

मी मागे वळून शालनकडे बघितलं. डीच्या कडेशी, माझ्या मागे डाव्या हाताला, ठरलेल्या जागी ती उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. शिट्टी झाली. मी धावले आणि पायाच्या आतल्या बाजूनं, हळूच, चेंडू पुढे डावीकडे सरकवला.

कीपर उजवीकडे झेपावली. सगळा गोल मोकळा पडला. फुटाणा खाल्ल्यासारखा.

आणि मागून आवाज आला नाही.

चेंडू थोडा घरंगळला आणि चिखलात थांबला. माझ्यापासून दोन पावलं. एक पाऊल टाकून पाय लांब केला असता तर लागला असता. त्याच्यावरची एक शिवण उसवली होती, त्यात गवताची काडी अडकली होती, ती मला अजून दिसते. मला शिवायला बंदी होती. मी नुसती त्याच्याजवळ उभी राहिले, जशी देवापुढे ठेवलेल्या नैवेद्याजवळ मुंगी येऊ नये म्हणून कुणी राखण बसतं.

“शालन,” मी म्हटलं. “ये गं.”

माझा आवाज तिथपर्यंत गेला नसेल. पण तिला दिसत तर होतं. ती डीच्या रेषेवर, दोन्ही पाय जुळवून उभी होती. रेफरीनं दोन्ही हात पुढे केले, खेळ चालू म्हणून. लाइनमनचा झेंडा खालीच होता. मग त्यांच्यातली एक पोरगी मला ओलांडून आली, तिनं चेंडूला जी लाथ घातली ती थेट मध्यरेषेपार. मध्यरेषेच्या अलीकडे उभी असलेली त्यांची एकटी पोरगी त्याच्यामागे सुटली. मेहरुन नाचायची थांबून पुढे धावली, घसरली. चेंडू तिच्यावरून गोलात गेला.

थोड्याच वेळात शेवटची शिट्टी झाली.

लोक हसत होते. राग असता तर मला चाललं असतं. “ए, पोरीनं पेनल्टीला पास दिला रे!” “आरं पास कसला, अक्षता टाकल्या!” “उपासाचा परिणाम हाय, मावशीला साबुदाणा द्या कुणीतरी!”

मी खाली मान घालून मंडपाकडे आले. वस्ताद खुर्चीवर बसले होते, पेठेतले पाच-सात जण उभे होते, आमच्या पोरी रडत होत्या. मामा टोपी हातात घेऊन उभे होते. शालन त्यांच्या मागे.

“काय गं पोरी,” वस्तादांनी शालनला विचारलं, “ही चेंडू देऊन हुबी, तू तिकडं खांबागत हुबी. ठरलंवतं का न्हाई तुमचं कायतरी?”

शालन जमिनीकडे बघत म्हणाली, “मला वाटलं, ऑफसाइड हुतंय.”

मला आधी तिची कीवच आली. एवढ्या गोंगाटात विसरली असेल. माणूस विसरतं. मी तिच्याजवळ जायला पाऊल उचललं होतं.

तेवढ्यात मामा म्हणाले, “बराबर हाय तिचं. ऑफसाइडच झाला असता. गेली न्हाई तेच बरं केलं.”

मंडपातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. कीपरच्या पुढे एकटी पोरगी, म्हणजे ऑफसाइड. एवढा फुटबॉल पेठेत सगळ्यांना येत होता. मेहरुन तेवढी तोंड उघडं ठेवून मामांकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. पावसाचं पाणी मंडपाच्या कापडात साठून खाली एका धारेनं पडत होतं आणि मामा त्या धारेकडे बघत होते.

“मामा,” मी म्हटलं.

“काय?”

“चेंडूच्या मागचं माणूस ऑफसाइड होतं?”

मी नेहमीसारखंच हळू विचारलं होतं. वस्ताद म्हणाले, “काय म्हणती ती?”

मामांनी टोपी डोक्यावर घातली. “काय न्हाई,” ते म्हणाले. “हरल्याचं वाईट वाटतंय पोरीला.”

आधी दर वेळी माझं बोलणं ते मोठ्यानं सांगायचे.

त्या संध्याकाळी दिवा लावून मी कट्ट्यावर बसले होते. गेल्या शनिवारचा एक फुटाणा फटीत अडकलेला होता. शालन आली. कागदात गुंडाळलेली जर्सी तिनं माझ्या शेजारी ठेवली आणि उभीच राहिली.

“धुवायला न्यायच्यात न्हवं उद्या. ही माझी.”

“बस.”

“न्हाई बसत.” मग म्हणाली, “मार मला. एक तोंडात दे, काकी. काय बोल तरी.”

“कधी सांगितलं तुला?”

“टाकीपाशी.” ती भडाभडा बोलायला लागली. “मी न्हाईच म्हटलं आधी. ते म्हटले, कप आणून बी वस्ताद पोरींना नाव देणार न्हाईत, उगं भांडणं हुतील, मैदानावरनं डोकी फुटतील. मी म्हटलं, फुटू देत. मग म्हटले...” ती थांबली. आमच्याकडे पोरीसुद्धा स्वतःला ‘आलो, गेलो’ म्हणतात, पण त्या दिवशी तिचं पुढचं बोलणं मला एखाद्या लहान मुलासारखं वाटलं. “म्हटले, उत्तमला टीममधे घेतो. पयल्या अकरात. तुला ठाव हाय गं, दादा किती वरसं नुसता पाणी घेऊन पळतोय. आई रोज विचारती त्येला, आज खेळवलं का रं. मी काय करू? मी पळालो न्हाई. माझं पाय निघतच हुतं, काकी, शपथ. मी नखं रुतवून उभारलो.”

“उत्तमला टीममधे घेणारे मामा कोण?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “तुला म्हाईत न्हाई? तालमीचं कोच केलंय त्यांना. काल सांजच्याला ठरलं. ‘तुम्ही आणलेलं खूळ, तुम्हीच गप करा,’ म्हणालं वस्ताद. ‘भांडाण न करता.’”

काल संध्याकाळी. मी बाहेर वात पुढे ओढत होते तेव्हा.

म्हणजे मला नुसतं हरवायचं नव्हतं, माझ्याच पायानं हरवायचं होतं. मी सरळ मारला असता तर कदाचित गेलाही असता, म्हणून टोपी काढली. मी ऐकणारच, हे त्यांना माहीत होतं. माझ्या नेमावर त्यांचा एवढा विश्वास होता.

“काकी, बोल की गं.”

“उत्तमला सांग,” मी म्हटलं, “डाव्या पायानं मारायची सवय कर. उजव्यावर फार भर देतो.”

ती तोंडावर हात दाबून पळत गेली. त्या वेळी मात्र तिची पावलं मला थपथप ऐकू आली, गल्लीच्या टोकापर्यंत.

जर्सी मी आणि मेहरुननं पंचगंगेच्या घाटावर धुतल्या. नदी लाल होती, म्हणून मागच्या विहिरीवरून पाणी आणलं. मेहरुन एक एक जर्सी अशी आपटत होती, की जणू तीत कुणी आहे.

“कशाला द्यायच्या गं?” ती म्हणाली. “त्यांनी दगा केला. दगा केल्यावर शब्द कसला? मी तर म्हणते, कात्रीनं चिंध्या करायच्या आणि चिंध्या न्यायच्या. कात्री आहे माझ्याजवळ.”

“त्यांचं त्यांच्यापाशी. शब्द मी दिलाय.”

“कुणाला? त्या म्हाताऱ्याला?”

“मारुतीच्या समोर दिलाय. वस्तादांना नाही.”

मग हातातली जर्सी उलगडून तिनं निरखली. ती शालनची होती. मला वाटलं, ही आता फेकणार. तिनं ती पुन्हा पाण्यात बुडवली आणि गळ्याशी लागलेला चिखल नखानं काढत बसली.

आषाढातले कपडे, वाळता वाळेनात. शुक्रवार गेला. आईनं चुलीच्या वर दोरी बांधून दिली. भाऊ तालमीचा कोच झाला म्हणून शेजारणी तिला साखर द्यायला येत होत्या आणि ती घेत होती. शनिवारी दुपारी त्या कोरड्या झाल्या. धुराचा वास लागला होता त्यांना. मी तांब्यात निखारे घालून प्रत्येकीला इस्त्री केली, नंबर वर येईल अशा घड्या घातल्या आणि आईच्या जुन्या लुगड्यात बांधल्या. दिवेलागण होत आली होती. तेलाची वाटी भरली, वात घेतली. फुटाणे-गूळ पानात घेतले.

अंगणात मामा उभे होते. नवी टोपी होती.

“आण इकडं,” ते म्हणाले. “मला जायचंच हाय तालमीत. नेऊन देतो.”

“नको मामा. मी आणून देईन म्हणाले होते.”

“वैजू.” त्यांनी माझ्या वाटेतून बाजूला व्हावं की नाही, ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. “माझं आयुष्य त्या कट्ट्यावर गेलं गं बसून. एवढंच एक मागितलंवतं देवाला.”

“मिळालं ना?”

“मिळालं.” मग घाईनं म्हणाले, “पण मी तुला जे शिकवलं त्यात खोट न्हवती. त्यो नियम खरा हाय. कुठंबी जा, विचार. पेनल्टीला चेंडूच्या मागचं माणूस ऑफसाइड हुत न्हाई.”

“माहीत आहे मामा,” मी म्हटलं. “खरा आहे म्हणून तर कळलं.”

त्यांनी टोपी काढली. सवयीनं काढली असेल. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना.

“गाठोडं जड हाय,” ते म्हणाले. “मी येतो संगं.”

“तुम्ही मागं राहा,” मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं. ते जागचे हलले नाहीत.

मी गाठोडं डोक्यावर घेतलं, वाटीतलं तेल हिंदकळू नये म्हणून दुसरा हात तिच्यावर धरला, आणि तालमीच्या वाटेला लागले.